हे पुस्तक आता कोनाले?

ज्या साली वच्छलाबाईच्या नातवाचं जावळ कौंडण्यपूरला नदीकाठी काढलं, त्या सालची ही गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस. परतीच्या टेम्पोत बायका गाणी म्हणत होत्या आणि वच्छलाबाई मागं बसून पोराच्या तासलेल्या टाळूवर हळद लावत होती. तेवढ्यात गावच्या शाळेतल्या आरती मॅडमचा फोन आला. शाळा उघडली की शनिवारी पहिली-दुसरीच्या मुलांना पुस्तकं द्यायला याल का, असं त्या विचारत होत्या.

वच्छलाबाईनं फोन कानालाच ठेवून मुलाला विचारलं, "कुंदन, मॅडम म्हणते पोट्ट्याईले पुस्तकं वाट. पगारगिगार नाही."

"मंग हो म्हण," कुंदन म्हणाला. "पगार असता तं तुले कोनं बोलावलं असतं?"

टेम्पोतल्या बायका हसल्या. वच्छलाबाईही हसली आणि हो म्हणाली.

गाव वलगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून. वच्छलाबाईचं घर फुलमाळ्याचं. झेंडू, शेवंती, गलांडा. रान मात्र स्वतःचं नाही, खुशालराव पाटलांचं, मक्त्यानं केलेलं. नवरा नत्थुजी जाऊन बरीच वर्षं झाली. अक्षरं ती पन्नाशीत शिकली, देवळाच्या मंडपात साक्षरतेचा वर्ग भरायचा तेव्हा. हातात फुलाची सुई धरणाऱ्या बाईला पेन्सिल धरायला काही जड गेलं नाही, पण ओळ वाचायला अजूनही तिला बोट लागायचं. आणि उशिरा शिकलेल्या माणसाची एक खोड तिला होती. छापलेल्या शब्दावर तिचा फार भरवसा. तोंडातून गेलेला शब्द भांडण लावतो, उलटून आपल्याच दारात येतो. छापलेलं मात्र कोणाचं नसतं, ते आपलं आपण बोलतं आणि बोलून मोकळं होतं, असं तिला मनापासून वाटे.

शनिवारी पोरांना दप्तर नसायचं. कुठल्याशा संस्थेनं दिलेली चित्रांच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी आरती मॅडम व्हरांड्यात आणून ठेवायच्या आणि स्वतः वरच्या वर्गाकडं जायच्या. वच्छलाबाई पेटीजवळ सतरंजीवर बसायची. पहिल्या महिन्यात तिनं काय केलं, तर सगळी पुस्तकं घरी नेऊन स्वतः वाचली. बोट फिरवत, चित्रं न्याहाळत, नातवाला मांडीवर घेऊन. त्याशिवाय कोणाला काय द्यावं ते कळणार कसं? हार करतानाही ती विचारायची, लग्नाचा की मयताचा. न विचारता ओवलेला हार म्हणजे नुसती फुलं.

"माई, मले कोनतं?" पोरं गराडा घालायची.

"तुया घरी बकरी व्याली ना वं? मंग हे घे, याच्यात करडू हाये."

"अन् मले?"

"तुले बसनं होत नाही एका जागी. हे घे, याच्यात बसासारखं काहीच नाही, सगळे पळूनच राह्यले."

एक रीत तिनं आपल्या मनानं लावली होती. पुस्तक परत आणलं की पोरानं सांगायचं, हे आता कोणाला द्यायचं आणि का. पोरानं ज्याचं नाव घेतलं, पुस्तक त्याच्याकडं जायचं. त्यामुळं पोरं पुस्तक वाचतानाच माणूस शोधायला लागली. बंडू नावाचा पहिलीतला एक पोट्टा हत्तीचं पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, "हे हेडमास्तरले द्या."

"काहून रे बाप्पा?"

"याच्यातला हत्ती जेवला का झोपते."

हेडमास्तर चांगले होते बिचारे. त्यांनी पुस्तक घेतलं, वाचलं आणि सोमवारी बंडूला सांगितलं की हत्तीचं बरोबरच आहे.

दुसरीत प्रतीक्षा होती. खुशालराव पाटलांची नात. खुशालराव शाळेच्या समितीचे अध्यक्ष, काळ्या रानाचे मोठे शेतकरी, गावात त्यांच्या शब्दाला शब्द लागत नसे. ही पोरगी अबोल, पण वाचायला सगळ्यांत पुढं. दर शनिवारी ती पेटीच्या कडेला हात ठेवून उभी राहायची आणि आपण होऊन काही मागायची नाही. वच्छलाबाई तिच्यासाठी पुस्तक काढताना दोनदा पाहायची. ज्या पुस्तकात आई आहे ते ती खाली सारायची. लहान पोरांच्या पुस्तकांतून आई वगळायची म्हटली तर उरतं किती थोडं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. प्रतीक्षेच्या वाट्याला मग ट्रक यायचे, भोपळे यायचे, रंग यायचे.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. प्रतीक्षेला सांगितलं होतं की तिची आई मेली. आणि तिची आई, सीमा, अकोल्यात जिवंत होती.

करोनाच्या आदल्या साली सीमा नवऱ्याच्या माराला कंटाळून घरातून निघाली. गजेंद्र, खुशालरावांचा मुलगा, दारू न पिताही मारायचा, हे शेजारपाजारच्या बायका जरा नवलानं सांगायच्या. सीमा दोन वर्षांची पोरगी काखेत घेऊन वलगावच्या स्टँडवर आली. वच्छलाबाई तिथंच फुलं विकत बसली होती. मागून मोटरसायकल आली, खुशालराव उतरले, त्यांनी सुनेच्या काखेतून नात काढून घेतली आणि एवढंच म्हणाले, "तू जाय. हे आमची हाये." बस लागली होती. सीमा चढली. माहेरी बाप नव्हता, भाऊ स्वतःच दुसऱ्याच्या दारात कामाला. कोर्टाची पायरी तिच्यासोबत चढणार कोण?

आठ दिवसांनी खुशालरावांनी घरातल्या सगळ्यांना सुनेच्या नावानं आंघोळ करायला लावली. म्हणजे आमच्यापुरती ती मेली. तशी आंघोळ लोक रागानं करतात, वर्ष-दोन वर्षांनी राग उतरतो आणि सणावाराला बोलणं सुरू होतं. पण इथं पोरगी मोठी होऊन विचारायला लागली. तिची आजी, इंदूबाई, भोळी बाई. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, आई देवाघरी गेली वं. मग पोरगी म्हणाली, तिचा फोटू कुठं हाये? मग लग्नातला एक फोटो कापून चौकटीत बसवला. मग फोटोला हार आला. मग पितृपाटात पोरगी म्हणाली, सगळ्याईचं पान मांडलं, आईचं काहून नाही? तेव्हापासून अविधवा नवमीला जिवंत बाईच्या नावानं पान मांडलं जाऊ लागलं आणि कावळ्याला घास जाऊ लागला. कावळा येऊन खाऊनही जायचा.

त्या फोटोचा हार दरसाल वच्छलाबाईच्या घरून जायचा. पिवळी शेवंती, मध्ये गलांडा. इंदूबाई निरोप धाडायची आणि वच्छलाबाई ओवून द्यायची. हार द्यायला गेली की ती फोटोकडं बघायची नाही. त्या सालीही नवमीला तिनं हार दिला आणि शनिवारी पोरीला भोपळ्याचं पुस्तक दिलं.

दिवाळी झाल्यावर ती फराळ घेऊन अकोल्याला लेकीकडं, रागिणीकडं गेली. सीमा तिथून जवळच एका खोलीत राहायची. डाळमिलमध्ये कामाला जायची, ते दोन महिन्यांपासून बंद झालं होतं. माहेर खारपाणपट्ट्यातलं, लहानपणापासून तेच खारं पाणी प्यालेली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तोंड सुजलं होतं, हात मात्र काड्या. वच्छलाबाई दरवेळी तिला भेटायची आणि दरवेळी सीमा एकच विचारायची.

"काय वाचून राह्यली माई, माही पोरगी?"

"भोपळ्याचं."

"गेल्या टायमालेबी भोपळाच होता."

"तो दुसरा भोपळा होता वं."

सीमा हसली, मग खोकली. वच्छलाबाईनं पिशवीतून करंज्या काढल्या. डॉक्टरांनी सगळंच बंद केलं होतं, म्हणून त्या तशाच डब्यात ठेवल्या.

"माई, मी काही तिले मागून नाही राह्यली," सीमा म्हणाली. "इथं आणून मी तिले काय दाखवू, हे तोंड? माह्यं एकच म्हननं हाये. मी मेली नाही, इतकं तिले माहीत पाह्यजे. मरायच्या आंधी माहीत पाह्यजे. मंग खुशाल मरतो मी."

"माह्या तोंडानं कसं सांगू बाई? माह्या कुंदनचं रान त्याईचं हाये."

"मी कुठं म्हनतो तोंडानं सांगा. तुमी तं पुस्तकं वाटता."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत वच्छलाबाई तेच घोळवत होती. पेटीत एक पुस्तक होतं, बगळ्याच्या पिलाचं. तिनं ते तळाला घालून ठेवलं होतं. पिलू नदीकाठी बेडकाला विचारतं, माझी आई कुठं? बेडूक म्हणतो, गेली. कासव म्हणतं, गेली. म्हैस रवंथ करता करता म्हणते, गेली, आता विचारू नको. शेवटच्या पानावर शब्दच नव्हते. अलीकडच्या काठावर पिलू, पलीकडच्या काठावर पांढरी बगळी, मधे नुसतं पाणी. पूल नाही, होडी नाही. तेवढंच.

पुस्तकातच आहे म्हटल्यावर आपण कुठं सांगितलं? वच्छलाबाईला हे इतकं बरोबर वाटलं की वलगावला उतरताना तिचं अंग हलकं झालं होतं. छापलेलं आपलं आपण बोलेल. आपलं तोंड आपल्यापाशी राहील.

पुढच्या शनिवारी तिनं पेटीत हात खुपसून ते पुस्तक वर काढलं आणि प्रतीक्षेच्या हातात दिलं. "हे घे. हे तुयासाठीच हाये."

पोरगी पुस्तक घेऊन खांबाला टेकून बसली. पहिल्यांदा भरभर वाचलं. मग शेवटचं पान उघडून इतका वेळ बसली की बाकीची पोरं आपापली पुस्तकं बदलून गेली. पुढच्या शनिवारी तिनं ते परत आणलंच नाही, अजून वाचून राहिली असं म्हणाली. त्याच्या पुढच्या शनिवारी आणलं. कोपरे मऊ पडले होते.

वच्छलाबाईनं नेहमीचं विचारलं, "हे पुस्तक आता कोनाले द्यायचं?"

"आजोबाले," प्रतीक्षा म्हणाली.

"कोन्या आजोबाले?"

"माह्या. त्याईले वाटते का आई मेली. त्याईले हे वाचाले द्या."

व्हरांड्यातली पोरं हसली. पाटील चित्राचं पुस्तक वाचणार म्हणून हसली. वच्छलाबाईला नाही म्हणता आलं असतं. पण रीत तिनंच लावली होती, आणि पोरीनं माणूसही बरोबर शोधला होता. शिवाय मनात कुठंतरी आलं, की वाचू दे म्हाताऱ्यालाही. पुस्तकच तर आहे. तिनं पुस्तक पोरीलाच परत दिलं आणि म्हणाली, "तूच नेऊन दे."

शनिवार येईस्तोवर काही झालं नाही. कुंदनला रानात खुशालराव भेटले, दोन शब्द बोलले. वच्छलाबाईला वाटलं, त्यांनी पुस्तक उघडलंच नसेल.

शनिवारी पोरं सतरंजीवर बसली होती आणि खुशालराव फाटकातून आत आले. एका हातात बगळ्याचं पुस्तक, दुसऱ्या हातात नातीचं बोट. आरती मॅडम लगबगीनं खुर्ची घेऊन आल्या. ते खुर्चीत बसले नाहीत. सतरंजीच्या कडेला, वच्छलाबाईसमोर उकिडवे बसले, जसा माणूस बाजारात भाजीच्या ढिगासमोर बसतो.

"काय वच्छलाबाई. गलांडा कसा हाये यंदा कुंदनचा?"

"बरा हाये पाटील."

"रान चांगलं हाये ते. विहिरीचं पानी आटत नाही." त्यांनी पुस्तक सतरंजीवर ठेवलं. "नातीनं मले पुस्तक देलं. मी वाचलं. चष्मा लावून वाचलं. चित्रं मस्त हायेत. पण पोरीच्या डोक्यात एक खूळ बसलं. मी म्हनलं, पुस्तक ज्यानं देलं त्यालेच इचारू. पोट्ट्याईले खोटं कायले सांगाव?" मग ते नातीकडं वळले. आवाज मऊ होता. "इचार बाई माईले. काय इचाराचं ते इचार."

प्रतीक्षेनं लगेच विचारलं. सगळा आठवडा तिनं तेच तोंडात धरून ठेवलं असावं.

"माई, माही आई पलीकडच्या काठावर हाये का?"

आरती मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्या अमरावतीहून यायच्या, पण पाच वर्षं या गावात नोकरी म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घातली. पोरांच्या घरीही ठाऊक होतं, पोरांना नव्हतं.

वच्छलाबाईनं पुस्तकाकडं पाहिलं. ते सतरंजीवर बंद पडलं होतं. आता ते काही बोलेना. जे बोलायचं ते बोलून झालं होतं आणि उरलेला एक शब्द त्यानं तिच्यासाठी ठेवला होता. हो. एवढाच शब्द. तिला कुंदन दिसला, सुनेच्या कडेवरचं नातवंड दिसलं, वाफे दिसले, आटत नसलेली विहीर दिसली. अकोल्यातलं सुजलेलं तोंडही दिसलं. पण ते लांब होतं आणि खुशालराव समोर होते.

"नाही वं बाई," ती म्हणाली. "तुई आई देवाघरी गेली. ते पुस्तक बगळ्याचं हाये."

"कवा गेली?"

"तू लहान होती तवा."

"तुमी पाह्यलं?"

वच्छलाबाईनं मान हलवली. हो म्हणूनच हलवली.

प्रतीक्षा रडली नाही. तिनं पुस्तक उचललं, पेटीपाशी गेली आणि ते तळाशी घातलं. वर बाकीची पुस्तकं नीट रचली. मग रीतीप्रमाणं वच्छलाबाईकडं वळून म्हणाली, "हे कोनालेच देऊ नका. हे खोटं हाये."

खुशालराव गुडघ्यावर हात ठेवून उठले. मॅडमना म्हणाले, "पुस्तकं चांगले हायेत. पण पहिली-दुसरीच्या पोट्ट्याईचे पाढे कच्चे हायेत. शनिवारी पाढे घेत जा." आणि फाटकातून जाता जाता, मागं न बघता, "वच्छलाबाई, पुढच्या सालचा मक्ता कुंदनलेच बरं का. त्याले सांगजा, चिंता करू नको म्हना."

कुंदनला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. आईनं संध्याकाळी भाकर खाल्ली नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

पेटी हेडमास्तरांच्या खोलीत गेली. वच्छलाबाईचं शाळेत जाणं थांबलं. बंडू एकदा रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "माई, सातच्या पाढ्याचं पुस्तक कोनाले द्याव?" ती हसली नाही. प्रतीक्षा शाळेतून जाताना तिच्या वाफ्यांवरून जायची, पण बांधाच्या पलीकडून. एकदा वच्छलाबाईनं हाक मारून शेवंतीचं फूल पुढं केलं. पोरीनं ते घेतलं, पुढच्या वळणापर्यंत हातात धरलं आणि बाभळीखाली ठेवून निघून गेली. फेकलं नाही, ठेवलं.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला ती अकोल्याला गेली. जायचं नव्हतं, पण रागिणीनं बोलावलं. सीमा बसूही शकत नव्हती. तिला विचारायचं होतं ते तिनं डोळ्यांनीच विचारलं.

"देलं पुस्तक," वच्छलाबाई म्हणाली. "वाचलं तिनं. शेवटचं पान तं सोडतच नव्हती."

"मंग?"

"मंग मी इचारलं, हे आता कोनाले द्यायचं. तं म्हनते आजोबाले. म्हनते, त्याईले वाटते का आई मेली."

सीमा हसली. दात दिसतील इतकं हसली. तशी ती लग्नाच्या फोटोतही हसलेली नव्हती. "सासऱ्याले?" ती म्हणाली. "माह्या सासऱ्याले देलं? अन् म्हाताऱ्यानं वाचलं?"

"चष्मा लावून वाचलं."

"मंग तिले समजलं, माई."

"समजलं," वच्छलाबाई म्हणाली. "सारं समजलं तिले." पोरीपुढं मान हलवताना जेवढं जड गेलं होतं, तेवढं हे गेलं नाही. दुसऱ्या वेळी खोटं सोपं जातं, हे तिला तिथं, त्या उशाशी कळलं, आणि ते तिला आवडलं नाही. तिनं सीमाचं पांघरूण सारखं केलं आणि दुपारच्या गाडीनं परत आली.

संक्रांतीला इंदूबाईचा निरोप आला, फोटोला हार पाहिजे. सणाच्या दिवशी पोरगी म्हणते आईच्या फोटोला ताजा हार घाला. वच्छलाबाईनं पिवळी शेवंती घेतली, मध्ये गलांडा घातला आणि ओवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी रागिणीचा फोन आला. वच्छलाबाई तशीच उठून पाटलांच्या घरी गेली आणि ओसरीवर खुशालरावांना हळूच सांगितलं. त्यांनी एकदा आत पाहिलं. मग म्हणाले, "आंघोळ तं आमी कवाचीच केली." आत प्रतीक्षा पाढे म्हणत होती. फोटोवरचा हार अजून ताजा होता.

सीमा, गजेंद्रची बायको, प्रतीक्षेची आई, अकोल्यात संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, १५ जानेवारी २०२५ ला पहाटे वारली.